पेशीत निरोप पोचवायला एवढे मधले हवेत कशाला?

रानजाई

भाची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी वही घेऊन आली आणि बाणांनी भरलेल्या एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, दारावर आलेला निरोप आत केंद्रकापर्यंत पोचवायचाय ना? मग एकानेच जाऊन सांगावं की! हा त्याला सांगणार, तो तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. एवढे मधले कशाला?"

मी पाठ असलेलं उत्तर दिलं. "निरोप वाटेत मोठा होत जातो म्हणून." तिने ते लिहून घेतलं आणि गेली. नंतर भांडी घासताना लक्षात आलं, हे अर्धंच उत्तर आहे. आणि ज्या मार्गावर मी रोज काम करते, नेमकं तिथेच ते लंगडं पडतं. म्हणून हा धागा. भाचीलाही लिंक पाठवणार आहे.

आधी थोडी ओळख. कायनेझ म्हणजे एटीपीवरचा (पेशीतला ऊर्जेचा रेणू) एक फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवणारं विकर (एन्झाइम). फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. तो बसला की प्रथिनाची घडी बदलते, झोपलेलं विकर जागं होतं किंवा जागं असलेलं झोपतं. चिकटवलेला फॉस्फेट काढून टाकणारी विकरंही असतात, ती फॉस्फेटेझ. माणसाच्या जनुकसंचात कायनेझची जनुकं पाचशेच्या वर आहेत (२००२ च्या मोजणीत ५१८). आता गंमत अशी की ज्याच्यावर फॉस्फेट चिकटवायचा ते प्रथिन स्वतःच कायनेझ असू शकतं. ते जागं झालं की पुढच्याला जागं करतं. हीच ती साखळी.

"मोठा होत जातो" हे उत्तर आलं कुठून, तर अ‍ॅड्रेनलिनच्या गोष्टीतून. आणि ती गोष्ट मला फार आवडते, तेव्हा थोडी सविस्तर सांगते.

सिएटलला एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स सशाच्या स्नायूतल्या फॉस्फोरिलेझवर काम करत होते. ग्लायकोजेनचे (स्नायूतला साखरेचा साठा) लचके तोडून साखर मोकळी करणारं हे विकर. त्याची दोन रूपं माहीत होती, एक आळशी आणि एक कामसू. कामसू रूप वेगळं काढण्याची पद्धत कोरी या शास्त्रज्ञ दांपत्याने बसवून दिलेली होती, त्यात स्नायूचा अर्क गाळण कागदातून गाळायचा असे. या दोघांनी कागद वगळून तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला, तर हाती फक्त आळशी रूप! मग उमगलं की कागदातून कॅल्शियम अर्कात उतरत होतं आणि ते कॅल्शियम आळशाला कामसू करणाऱ्या विकराला चेतवत होतं. रूपांतराला एटीपी लागतं आणि त्याचा फॉस्फेट प्रथिनावर जाऊन बसतो, हे त्यांनी १९५५ च्या सुमारास दाखवलं. नोबेल मिळायला १९९२ उजाडलं.

गाळण कागदाची ही भानगड नुसती भानगड नव्हती. स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियम सुटल्यामुळेच. म्हणजे धावायला लागलेल्या पायात जे घडतं तेच त्या कागदाने काचेच्या भांड्यात घडवलं होतं.

पूर्ण साखळी पुढे काही वर्षांत जुळली. अ‍ॅड्रेनलिन पेशीच्या बाहेरच थांबतं. आत सायक्लिक एएमपी नावाचे छोटे रेणू तयार होतात (हे काम अर्ल सदरलँडचं, नोबेल १९७१), ते पीकेए या कायनेझला मोकळं करतात, पीकेए फॉस्फोरिलेझ-कायनेझला चेतवतं आणि ते फॉस्फोरिलेझला. प्रत्येक पायरीवर एक विकर पुढचे कितीतरी रेणू बदलतं. गल्लीत कुत्रं अंगावर आलं की काही सेकंदांत पायांना साखर मिळते ती अशी. शिवाय पीकेए त्याच दमात ग्लायकोजेन बनवणाऱ्या विकराला झोपवतंही. एका हाताने नळ सोडायचा, दुसऱ्याने टाकी भरणं बंद करायचं.

इथपर्यंत "मोठा होत जातो" अगदी बरोबर.

आता माझा मार्ग. ईजीएफ हे वाढीचं प्रथिन पेशीच्या दाराशी येतं. दोन ग्राही (पेशीपटलावरची निरोप झेलणारी प्रथिनं) जवळ येतात, एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतात. त्या शेपटीला ग्रब-२ नावाचं प्रथिन धरतं, ग्रब-२ च्या हाताला सॉस असतं, आणि सॉस पटलाला चिकटलेल्या रासकडून जीडीपी सोडवून घेतं. रिकाम्या जागी जीटीपी (एटीपीसारखाच रेणू) बसतं. जागं झालेलं रास राफला पटलाशी ओढतं. राफ मेकवर फॉस्फेट चिकटवतं, मेक ईआरकेवर, आणि ईआरके केंद्रकात जाऊन जनुकं चालू करायला लावतं. (लॅबमध्ये आम्ही ईआरकेला सरळ "अर्क" म्हणतो. इथेही तेच लिहिते.)

राफ, मेक आणि अर्क या तिघांची खानेसुमारी बघा. झेनोपस बेडकाच्या अंड्यासाठी हुआंग आणि फेरेल या संशोधकांनी १९९६ मध्ये जे आकडे धरले त्यात सर्वांत वरचं कायनेझ सुमारे ३ नॅनोमोलर (प्रमाण मोजायचं एकक), मेक सुमारे १२०० आणि अर्कही सुमारे १२००. म्हणजे पहिल्या पायरीवर निरोप चारशेपट फुगायला जागा आहे. पण मेककडून अर्ककडे जाताना? जेवढे सांगणारे तेवढेच ऐकणारे! तिथे फुगायला जागाच नाही. मग ती पायरी ठेवलीय कशाला?

उत्तर अर्कच्या अंगावरच आहे. त्याला जागं व्हायला दोन फॉस्फेट लागतात, एक थ्रिओनीनवर आणि एक टायरोसीनवर (दोन्ही प्रथिनातली अमिनो आम्लं). आणि मेक एका भेटीत एकच चिकटवून निघून जातं, दुसऱ्यासाठी पुन्हा गाठ पडावी लागते. मेक थोडेच जागे असतील तर दुसरी भेट होण्याआधी फॉस्फेटेझ पहिला फॉस्फेट काढून टाकतं. मेक भरपूर असतील तर दोन्ही पटापट बसतात. त्यामुळे किरकोळ कुजबुज दाबली जाते आणि एका मर्यादेपुढे सगळं एकदम पेटतं. साध्या विकराला १० टक्क्यांवरून ९० टक्के कामाला लावायचं तर इशारा ८१ पट वाढवावा लागतो. या साखळीच्या टोकाला तेच काम साधारण अडीचपटीत होतं.

थोडक्यात, वरची पायरी आवाज वाढवते आणि खालची ठरवते की ऐकायचं की नाही. भाचीला मी हे सांगायला हवं होतं.

शेवटी एक प्रश्न आणि एक कबुली. प्रश्न: अशा साखळीला इंग्रजीत कॅस्केड म्हणतात, मराठीत काय म्हणावं? "धबधबा" वाचलं की मला पावसाळी सहल आठवते. कबुली: गेल्या आठवड्यात माझ्या ब्लॉटमध्ये (प्रथिनांचे पट्टे पाडून बघायची चाचणी) ज्या पेशींना ईजीएफ दिलंच नव्हतं त्यांच्यातही जाग्या अर्कचा झकास पट्टा आला. रात्रभर सीरमशिवाय (रक्तातल्या वाढीच्या प्रथिनांशिवाय) उपाशी ठेवलेल्या पेशी! कुणाला अनुभव असेल तर सांगा.

चिंचगूळ

मस्त धागा, वाचनखूण साठवली. मी तर म्हणेन हे सरकारी कचेरीसारखं आहे. या टेबलावर शिक्का, मग त्या टेबलावर शिक्का, मग साहेब. फॉस्फेट म्हणजे शिक्का. 😀

रानजाई

चिंचगूळ, शिक्का ठीक आहे, पण कचेरीत फाईल एकच असते आणि तीच पुढे सरकते. इथे पुढे काहीच सरकत नाही. मेकवरचा फॉस्फेट मेकवरच राहतो, अर्कवरचा नवा एटीपीकडून येतो. आणि प्रत्येक टेबलाशेजारी एक माणूस शिक्के खोडायलाच बसवलेला आहे, तोही पूर्ण वेळ!

चिंचगूळ

तसा माणूस आमच्या कचेरीतही आहे.

उंबरठा

कॅस्केडसाठी "उतरंड" घ्या की. आजीच्या माजघरात होती, सगळ्यात वर लोटकं, मग मडकं, तळाला रांजण. खालचं भांडं वरच्यापेक्षा मोठं. तुमच्या आकड्यांत पण तसंच दिसतंय, राफ लोटकं आणि मेक रांजण.

रानजाई

उंबरठा, हा शब्द मी आजपासून चोरला. फक्त आपल्या उतरंडीत तळाला एकाच मापाचे दोन रांजण आहेत, मेक आणि अर्क. आणि सगळा धागा त्या दुसऱ्या रांजणाबद्दलच आहे.

निवांत_बसलोय

अर्क हे नाव फारच आवडलं. आमच्याकडे एखादं पोरगं जास्त शहाणं निघालं की "अर्क आहे नुसता" म्हणतात. अवांतराबद्दल क्षमस्व.

आता अवांतर नसलेलं. तुम्ही म्हणता साखळी एकदम पेटते. पण प्रयोगात तर मला हळूहळू चढणारा आलेखच दिसल्याचं आठवतंय (पंधरा वर्षांपूर्वी एमएस्सी, नंतर बँक). मग एकदम पेटणं कुठे दिसतं?

रानजाई

निवांत, नेमकी दुखरी नस पकडलीत. नळीत लाखो पेशी एकत्र कुटल्या की निघतो तो त्यांचा सरासरी आकडा. अर्धा पट्टा दिसला याचे दोन अर्थ होतात: प्रत्येक पेशी अर्धवट जागी आहे, किंवा निम्म्या टक्क जाग्या आणि निम्म्या गाढ झोपेत. ब्लॉट यातला फरक सांगू शकत नाही.

फेरेलच्या गटाने १९९८ मध्ये ते बेडकाच्या अंड्यांवर सोडवलं. हे अंडं एक मिलिमीटरहून थोडं मोठं, नुसत्या डोळ्यांना दिसतं. अर्धं काळसर, अर्धं फिकट. प्रोजेस्टेरॉन दिलं आणि अंडं पक्व झालं की काळ्या बाजूवर पांढरा ठिपका उमटतो. त्यांनी एकेक अंडं वेगळं तपासलं. मधल्या मात्रेलाही प्रत्येक अंड्यात अर्क एकतर पूर्ण जागा किंवा अजिबात नाही, मधलं जवळपास कुणी नाही. तिथे आणखी एक मेख आहे. जागा झालेला अर्क आपल्याच वरच्या कायनेझची, मॉसची, भर घालतो, म्हणून एकदा ठरलं की माघार नाही. अंड्याला ते परवडतं, कारण अर्धवट पक्व होऊन त्याला करायचंय काय?

सगळ्या पेशी मात्र अशा नसतात, हे कबूल. शरीरातल्या बऱ्याच पेशींत चढ हळूहळू असतो. तुमचा जुना आलेख खोटा नव्हता.

कोरडा_पाऊस

एक शंका. रास, राफ, मेक, अर्क ही चौकडी बऱ्याच ग्राहींच्या हाताशी आहे असं वाचलंय. मग पेशीला कसं कळतं की निरोप "विभाजित हो" आहे की "थांब आणि रूप बदल" आहे? तार एकच असेल तर?

रानजाई

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे पीसी-१२. उंदराच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथीच्या गाठीतून काढलेल्या पेशी. त्यांना ईजीएफ द्या, त्या वाढतात. एनजीएफ (चेतापेशींचं वाढीचं प्रथिन) द्या, त्या विभाजन थांबवून चेतापेशींसारखे लांब तंतू काढतात. दोन्हीत अर्कच जागा होतो! फरक वेळेचा. ईजीएफने अर्क काही मिनिटांत उसळतो आणि लवकरच बसतो. एनजीएफने तासन्‌तास जागा राहतो. दारावर एकदा थाप मारून निघून गेलेला पाहुणा आणि उंबऱ्यात ठाण मांडून बसलेला पाहुणा, घरातली माणसं वेगळी वागणारच.

(ईजीएफ आणि एनजीएफ या दोहोंसाठी स्टॅन्ली कोहेन आणि रिटा लेवी-मोन्ताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल एकत्र मिळालं. ईजीएफ कोहेनला सापडलं कारण लाळग्रंथीचा अर्क टोचलेल्या उंदराच्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले. इथला अर्क म्हणजे खरा अर्क.)

म्हणून उसळलेला निरोप खाली बसवणं महत्त्वाचं. अर्क जागा झाला की उलटा फिरून सॉसवर आणि राफवर फॉस्फेट चिकटवून त्यांना मंद करतो. केंद्रकात जाऊन ज्या जनुकांना चालू करायला लावतो त्यात स्वतःचेच फॉस्फेट काढणारी विकरंही असतात. वर ग्राही पेशीच्या पोटात ओढून घेतले जातात. आमच्या अभ्यासक्रमात हे सगळं तळटिपेत असायचं, याचा मला अजून राग आहे.

पाणवठा

मी यीस्टवाला, म्हणून आमची बाजू. पावातल्या यीस्टमध्ये एसटीई-११ नावाचं कायनेझ दोन पूर्ण वेगळ्या कामांत आहे: जोडीदाराचा गंध आला की समागमाची तयारी, आणि बाहेर मीठ-साखर वाढली की पाणी टिकवण्याची धडपड. तरी मीठ टाकलं म्हणून यीस्ट लग्नाला उभं राहत नाही. कारण समागमाच्या वाटेवर एसटीई-५ नावाचं प्रथिन तिन्ही कायनेझना आपल्या अंगावर रांगेत धरून ठेवतं. मिठाच्या वाटेवर ते काम पीबीएस-२ करतं, आणि ते स्वतः मधलं कायनेझही आहे. कोण कोणाच्या शेजारी बसलंय यावर निरोप ठरतो. तेव्हा कोरडा_पाऊस, वेळेइतकीच जागा महत्त्वाची.

बाय द वे, "एसटीई" म्हणजे स्टराइल. ही जनुकं बिघडली की यीस्टला जोडीदार जमत नाही.

रातकिडा

मी डॉक्टर आहे, सरकारी रुग्णालयात काही वर्षं काढलीत. पीकेएचा विषय निघालाय म्हणून. ही साखळी बंदच झाली नाही तर काय होतं ते पाहायचं असेल तर पटकीचा रोगी बघा.

कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत शिरतं आणि सायक्लिक एएमपी बनवायला लावणारं जी-प्रथिन चालू स्थितीत अडकवून ठेवतं. जीटीपी तोडून स्वतःला बंद करणं त्याला जमतच नाही. सायक्लिक एएमपी वाढत जातं, पीकेए मोकाट सुटतं आणि सीएफटीआर नावाच्या क्लोराइडच्या झडपेवर फॉस्फेट चिकटवतं. झडप उघडी पडते, क्लोराइड बाहेर, मागोमाग सोडियम आणि पाणी. पांढुरकं, भाताच्या पेजेसारखं. माणूस तासाभरात लीटरच्या हिशेबाने सुकत जातो. गावाबाहेर मरीआईची देवळं उगाच नाही बांधली लोकांनी.

विष म्हणून वेगळं काही आहे हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं, जंतू गाळून काढलेल्या पाण्यानेही सशाच्या आतड्यात तोच परिणाम होतो हे दाखवून. आणि उपाय बघा किती चतुर. झडप बंद करायला कोणी जातच नाही. शेजारचा दुसरा दरवाजा शाबूत असतो, जो ग्लुकोजसोबत सोडियम आत ओढतो. म्हणून मीठ आणि साखर दोन्ही लागतात, एक विसरलात तर उपयोग नाही. १९७१ मध्ये बोनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपाने वाटलं.

चिंचगूळ

रातकिडा, अंगावर काटा आला. लहानपणी आई मीठ-साखरेचं पाणी पाजायची तेव्हा हे माहीत असतं तर तोंड वाकडं केलं नसतं.

कोरडा_पाऊस

कायनेझवरची औषधं? घरात एकजण इमॅटिनिब घेतात, म्हणून विचारतोय.

रानजाई

तुमच्या घरच्यांना शुभेच्छा. औषधाबद्दल काय ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त यंत्रणा सांगते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात (रक्ताचा एक कर्करोग) ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे कधीच न झोपणारं कायनेझ तयार होतं. एटीपी जिथे बसतो त्या खाचेत इमॅटिनिब जाऊन बसतं. अमेरिकेत मे २००१ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडे त्याच्या एका स्फटिकरूपाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ ला फेटाळला, म्हणून देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळत राहिल्या.

आमच्या उतरंडीतलं औषध जास्त वात्रट आहे. मेलानोमाच्या (त्वचेचा एक कर्करोग) जवळपास निम्म्या गाठींत बी-राफच्या ६०० व्या जागी व्हॅलीनऐवजी ग्लुटामेट येतं. ग्लुटामेटवर ऋण प्रभार, त्यामुळे फॉस्फेट न चिकटवताच चिकटवल्यासारखं! वेम्युराफेनिब हे त्या बी-राफला गप्प करणारं औषध, २०११ चं. गाठी विरघळल्यासारख्या झाल्या, पण काही रुग्णांच्या त्वचेवर वेगळ्याच गाठी उगवल्या. कारण राफ जोडीने काम करतं. ज्या पेशीत राफ धडधाकट आणि रास बिघडून सतत जागं आहे, तिथे जोडीतल्या एकाच्या खाचेत औषध बसलं की दुसरा आणखी चेकाळतो. औषध घेतलं आणि अर्क वाढला. मग मेकवरचं औषध सोबत द्यायला लागले. एकच बाण खोडला की साखळी तुटते, असं कागदावर दिसतं फक्त.

शिळंपाकं

धाग्यात फोटो नाही म्हणून निषेध. 😀 आणि टोनी हंटरची गोष्ट कशी विसरलात? १९७९. तोवर सगळे समजत की प्रथिनांवर फॉस्फेट सेरीन आणि थ्रिओनीनवरच बसतो. पठ्ठ्याने अमिनो आम्लं वेगळी करायचं ताजं बफर करायचा कंटाळा केला, जुनंच वापरलं. त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरला होता. एरवी थ्रिओनीनच्या डागात लपणारा टायरोसीनचा डाग त्यामुळे वेगळा झाला. तुमच्या ईजीएफ-ग्राहीची सगळी कथा त्या शिळ्या बफरवर उभी आहे. माझ्या नावाचा एवढा गौरव दुसरीकडे नाही.

आता तुमच्या ब्लॉटबद्दल. ब्लॉटचा पडदा दुधाच्या पावडरीत भिजवला होता का? दुधातल्या केसीनवर फॉस्फेटच फॉस्फेट.

रानजाई

हंटर विसरले नव्हते, तुमच्यासाठी ठेवला होता. दुधाबद्दल: सरसकट कोणताही फॉस्फेट ओळखणारी अँटीबॉडी असेल तर दूध खरंच घात करतं, पूर्ण पडदा काळा. माझी अँटीबॉडी फक्त अर्कवरच्या दोन फॉस्फेटची जागा ओळखते आणि मी दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) वापरलं होतं. शिवाय पट्टे नेमके ४२ आणि ४४ किलोडाल्टनला आलेत. खोटे नाहीत. अर्क खरोखरच जागा होता.

पाणवठा

ईजीएफ कसं घातलंत? पेशींचं जुनं पोषक माध्यम काढून, नव्या माध्यमात मिसळून?

रानजाई

हो. आणि ज्यांना द्यायचं नव्हतं त्यांचंही माध्यम बदललं, सगळ्यांना सारखी वागणूक म्हणून.

पाणवठा

मग सापडला चोर. नुसतं माध्यम काढून नवं ओतलं तरी पेशींना धक्का बसतो, त्यात ते थंड असेल तर विचारूच नका. उपाशी पेशी फार कान टवकारून बसलेल्या असतात. माध्यम बदलूच नका. त्याच बशीतलं थोडं माध्यम काढा, त्यात ईजीएफ मिसळा आणि हलक्या हाताने परत सोडा. बाकीच्यांनाही तसंच, ईजीएफ सोडून.

रानजाई

तीन दिवसांनी लिहितेय. पाणवठा म्हणाले तसं केलं. बश्या इनक्यूबेटरच्या दाराशी ठेवल्या, एकेक पाच मिनिटांच्या अंतराने. शून्य मिनिट: कोरं. पाच मिनिटं: दोन्ही पट्टे काळेकुट्ट. तीस: फिकट. साठ: शोधावे लागतात. डाव्या कडेला एक तिरका डाग आहे तो चिमट्याचा, त्याला कुणी शोध समजू नये.

शिळंपाकं, फोटो संध्याकाळी टाकते. भाची म्हणतेय आधी तिच्या वहीत चिकटवायचाय.